हौसाबाईंचं पाठांतर

“बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाव नाही, म्हणजे आपल्या दफनभूमीत जागा नाही,” फर्नांडिस म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं. ते चर्चच्या दफनभूमी कमिटीचे सेक्रेटरी. चर्चच्या ऑफिसात त्यांच्यासमोर हौसाबाईंचा मुलगा दत्तू उभा होता. कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात फिटर, तिशीचा गडी. आई सकाळी चुलीपुढं कोसळली ती उठलीच नाही.

“सायब, मग मी तिला न्यायची कुठं? आई सांगून ठेवलीया, मला चर्चच्या मातीत ठेवा. भावकी म्हणती, मसणात चल. बारापर्यंत थांबतो म्हणाल्यात, पुढं न्हाय.”

साडेनऊ झाले होते. फादर जयसिंगपूरला मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी गेले होते. त्यांची परतीची एसटी साडेदहाला पोचायची.

मी तेव्हा कोल्हापुरात कॅटेकिस्ट होते. म्हणजे ज्यांना ख्रिस्ती व्हायचंय त्यांना आधी धर्म शिकवणारी बाई. कोर्स दोन वर्षांचा, वर्ग दर रविवारी. शेवटी लिस्ट मी करायची आणि ईस्टरला फादर त्या लिस्टप्रमाणे बाप्तिस्मा द्यायचे. हौसाबाई चर्चच्या हॉस्टेलात स्वयंपाक करायच्या. त्यांचं नाव त्या वर्षी लिस्टमध्ये नव्हतं, कारण मी घातलं नव्हतं. श्रद्धेचा अंगीकार, म्हणजे आम्ही काय काय मानतो तो मजकूर, न चुकता म्हणता आलाच पाहिजे, हा माझा नियम होता.

“बाई, तिसऱ्या दिवशी उठला, तेवढं पक्कं हाय,” हौसाबाई म्हणायच्या. “मधलं गळतंय.”

दत्तू माझ्याकडे वळला. “तुमीच सांगितलंय की. आई म्हणत हुती, मधीच मेलं तरी चालतंय.”

सांगितलं होतं खरं. एकदा वर्गात हौसाबाईंनीच विचारलं होतं, “बाई, पाणी पडायच्या आधीच मी गेले तर?” मी उत्तर दिलं होतं : बाप्तिस्मा हे तारणाचं दार. पण ज्याला मनापासून आत यायचं होतं आणि जो वाटेतच गेला, त्याची इच्छाच देव बाप्तिस्मा म्हणून धरतो. ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे, माझी नाही. आणि वर म्हणाले होते, “पण तुम्ही काही मरत नाही. पाठ करा.”

चूक माझी होती. हळहळून ती सुधारणार नव्हती. मी कपाट उघडून हजेरीपट काढला.

फादर आले ते पिशवी खांद्यावर घेऊनच टेबलाशी बसले. फर्नांडिसांनी आपली बाजू मांडली. “इच्छा होती असं उद्या कुणीही म्हणेल, फादर. पुरावा काय?”

“हा,” मी हजेरीपट पुढं सरकवला. “दोन वर्षांचे रविवार. गैरहजेरी दोन. एकदा सून बाळंत झाली, एकदा पाय मुरगळला. शिवाजी पेठेतून चालत यायच्या.”

फर्नांडिसांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं माझा लाल शाईतला शेरा होता. पाठांतर कच्चे, पुढील वर्षी पाहू.

“तुम्हीच नापास केलंय, बाई.”

“पाठांतरात,” मी म्हणाले. “इच्छेत नाही.”

फादरांनी पट पहिल्या पानापासून उलटत नेला. मग घड्याळ पाहिलं. “बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफन मिळतं, फर्नांडिस. हा नियमच आहे. दत्तू, भावकीला सांग, चार वाजता. त्यांनीही यावं.”

“येत्याल की,” दत्तू म्हणाला. “आईच्या हातचं खाल्लंय सगळ्यांनी.”

भावकी आली. हार घेऊन आली, आणि एका म्हाताऱ्यानं मातीची शेवटची मूठ टाकताना हौसाबाईंना मोठ्यानं हाक मारली. आमच्या विधीत अशी हाक नसते, पण फादरांनी ती मारू दिली. संध्याकाळी फर्नांडिसांनी दफन रजिस्टर उघडून विचारलं, “बाप्तिस्म्याच्या तारखेच्या रकान्यात काय लिहू?”

“इच्छेने,” फादर म्हणाले.

पुढच्या रविवारी मिस्सात सगळ्यांनी उभं राहून श्रद्धेचा अंगीकार म्हटला. मी मुद्दाम फर्नांडिसांच्या मागं उभी होते. ‘तिसऱ्या दिवशी उठला’पर्यंत त्यांचा आवाज खणखणीत. पुढं नुसते ओठ हलत होते, आमेनला आवाज परत आला.

पाठांतराची परीक्षा मी त्या वर्षीपासून बंद केली. हजेरी मात्र अजून घेते.