भाड्यानं दिलेलं ऊन

दक्षिणेकडचं शेत गोडाऊनला दिलं, तेव्हा अख्ख्या काल्हेर गावात आमच्याइतके शहाणे आम्हीच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो हे मी शाळेत शिकलो होतो, पण शाळेतलं ज्ञान घरच्या व्यवहारात कोण आणतो? पत्र्याची उंच भिंत उभी राहिली आणि दिवाळी ते शिमगा आमच्या घरात दिवसा ट्यूबलाइट लागू लागली.

मग दर हिवाळ्यात मला अंथरुणातून उठवेनासं झालं. आंघोळीच्या विचारानंही रडू येई. शिमग्याला आपोआप माणसात येई. पावसाळ्यात तर सगळं गावच अंधारात, तेव्हा माझं खपून जाई.

बायको दाराशी उभी राहून म्हणे, "म्हशीला हाक मारली तर ती पन कान हलवते."

आई आतून भर घाली, "म्हैस दूध देते, बाय."

ठाण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. ऊन कमी झालं की काहींचं मन असंच बसतं, हा आजार आहे. गोळ्या घ्या, रोज सकाळी उन्हात बसा.

"ऊन?" बायको म्हणाली. "ते आपन भाड्यानं दिलंय ना!"

ऊन उरलं होतं गोडाऊनच्या पलीकडे, माल उतरवायच्या ओट्यावर. तिथं माकडटोपी घालून बसू लागलो. हमाल म्हणत, "चाचा, सरको." मालक मीच. सरकायचो.

पोरीला बघायला पाहुणे येणार होते. बायकोनं बजावलं, "तुमी शेलार गावाला गेलाव असं सांगनार. तोंड दाखवू नका." म्हणून ओट्यावरच बसलो. पण आमच्याकडे घरात शिरण्याआधी बाहेरच्या माणसाकडे चौकशी करतात. गाडी ओट्यापाशीच थांबली.

"वॉचमनदादा, मागच्या घरातली पोरगी कशी हाय?" मुलाच्या बापानं विचारलं.

"सोन्यासारखी."

"आन् बाप?"

माझी इतक्या आपुलकीनं चौकशी कोणी केली नव्हती. "हिवाळ्यात झोपून असतो. मनाचा आजार हाय. गोळ्या घेतो."

चहा निवायच्या आत गाडी परत आली. काच खाली करून तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

"डोक्याच्या आजाराचं घरानं नको," असा निरोप आला. बायको ताट नुसतं माझ्याकडे सरकवी. पोर जेवेना. मग उठेनाही.

एका सकाळी बायको पोरीच्या दाराशी उभी राहिली. "बाय, ऊठ गो." म्हशीचं नाव तिनं काढलं नाही. आईनंही आतून भर घातली नाही.

मी माझी माकडटोपी पोरीच्या डोक्यावर चढवली आणि तिला ओट्यावर नेऊन बसवलं.

"चाचा, सरको, माल आया है."

"आज नहीं सरकेगा," मी म्हणालो.