पूर्णेची कानतपासणी

पूर्णेला रेल्वेत खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा गडी म्हणून माझी निवड झाली होती, फक्त डॉक्टरची तपासणी राहिली होती. निजामाचं राज्य होतं तेव्हा. ताडकळसच्या एका घरी माझं लग्न ठरल्यात जमा होतं, पण मुलीच्या वडिलांनी बजावलं होतं, "नोकरीचा कागद दाखवा, मग मुहूर्त काढू." मुलगी मी एकदाच बाजारात पाहिली होती आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

तपासणीत कानही बघतात, हे आईला कळलं. कान तेलानं सुधारतो, हे तर आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. निघायच्या सकाळी तिनं लसूण तळलेलं करडीचं तेल कोमट करून दोन्ही कानांत ओतलं आणि वरून कापसाचे बोळे कोंबले. "लय गुणाचं हाय. नांदेडची गाडी हितनं ऐकू येतीय बघ," म्हणाली.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, साहेब मागून हळू बोलणार, तेच आपण पुन्हा म्हणायचं. मी बोळे काढले आणि भिंतीवरचा चुना बघत उभा राहिलो. बराच वेळ झाला तरी काहीच नाही. वळून बघतो तर साहेबांचे ओठ हलतायत! नोकरी गेली आणि पोरगीही गेली.

साहेबांनी कानात डोकावलं आणि ते हसत हसत खुर्चीतच बसले. तेलानं मळ फुगून बूच बसलं होतं. कोमट पाण्याची पिचकारी उजव्या कानात मारली तशी सगळी घाण ताटलीत पडली, आणि घड्याळ, चिमण्या, बाहेरचं इंजिन, सगळं एकदम डोक्यात घुसलं. मला इतका आनंद झाला की मी प्रश्न विचारतच सुटलो. साहेबही हौशी निघाले.

"आत पडदा असतो, तबल्यासारखा ताणलेला. त्याच्यामागे तीन हाडं, शेवटचं तर ज्वारीच्या दाण्याहून लहान. पडदा हलला की हाडं हलतात, मग पलीकडच्या शंखासारख्या पोकळीतलं पाणी हलतं. त्यातले बारीक केस मेंदूला खबर देतात. समझे?"

"एवढी कापसाची जिनिंग गिरणी हाय डोक्यात, आन् आमी तिच्यात लसूण घालतो?"

या गप्पांत पाणी गार झालं, याचं दोघांनाही भान नव्हतं. डाव्या कानात पिचकारी बसली आणि खोली गरागरा फिरू लागली. मी थेट साहेबांच्या गळ्यात पडलो. जत्रेतल्या पाळण्यातही कधी अशी गंमत आली नव्हती. घाबरायचं सोडून मी खदाखदा हसत होतो.

"घबराव मत," साहेब मला धरून सांगू लागले. "तोल सांभाळणाऱ्या तीन वाकड्या नळ्याही कानातच असतात. गार पाण्यानं त्यांच्यातलं पाणी हललं, म्हणून डोक्याला वाटतंय तू फिरतोयस."

डाव्या कानाचंही बूच निघालं होतं. खोली जागेवर आल्यावर मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"पानी."

"पानी."

"टेशन."

"टेशन."

मग अगदी श्वासाएवढा आवाज आला, "शादी हुई क्या?"

खरं तर तेही नुसतं पुन्हा म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई जी. तुमच्या सहीपाशी अडलीय."

मागे कागदावर टाक करकरला, आणि तो मी दोन्ही कानांनी ऐकला.