ढेपेची पोती आणि माझं ड्रायव्हिंग

गाडी चालवायला मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकले, आणि तीन वर्षांत ती सोडायची वेळ आली. हिंगणघाटहून अल्लीपूरच्या शाळेत माझं रोजचं अप-डाऊन. आधी एसटीने, मग आमच्या गाडीने. सोबत शाळेतल्या आणखी दोघी शिक्षिका असायच्या. एका सकाळी कापसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला मी स्टेअरिंग जरासं उजवीकडे घेतलं. गाडी वळली, आणि क्षणभराने तिचा मागचा भाग आपल्याच मनाने आणखी सरकला. सावरायला डावीकडे घेतलं तर तिकडेही तेच. ट्रॉली हातभर अंतरावरून निसटली. कुणाला खरचटलंही नाही, पण पुढच्याच आठवड्यात एकीला घरून लवकर निघावं लागायला लागलं आणि दुसरीने एसटीचा पास काढला. मी काय दूधखुळी आहे? कळायचं ते कळलं.

घरी आमच्या ह्यांनी निकालच देऊन टाकला. हे बँकेत कारकून, एरवी शांत माणूस. पण मी गाडी चालवायला बसले की शेजारच्या सीटवर ह्यांच्या अंगात ट्रॅफिक पोलीस शिरतो.

"तू स्टेअरिंगसंग भांडतं," हे म्हणाले. "हे तुह्यं काम नाई."

दोनदा चाकांची अलाइनमेंट झाली. पुढचे दोन्ही टायर बदलले. तरी साठच्या वर गेलं की गाडी डोलायचीच. "पाह्य, गाडीत काहीच नाई," असं म्हणून ह्यांनी मला सोमवारपासून एसटीने जायला सांगितलं. त्या दिवशी मी वरणात मीठ घातलं नाही. मुद्दाम. पण खरं सांगते, वाईट ह्यांच्या बोलण्याचं नव्हतं वाटत. मलाही ते पटायला लागलं होतं, त्याचं वाटत होतं.  तीन वर्षं जे माझं स्वतःचं होतं, ते आपलं नव्हतंच, असं वाटायचं.

वर्ध्याला गाड्यांचा एक मिस्त्री आहे, असं कुणीतरी सांगितलं. मी ह्यांना म्हटलं, "तोही गाडी चांगली म्हणाला तर किल्ली तुमची. पुन्हा हात लावणार नाही." रविवारी आम्ही गेलो.

मिस्त्री साठीचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने बॉनेट उघडलंच नाही. "चालवते कोन?" विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बोट केलं, ते चोर दाखवावा तसं. मिस्त्री चपला काढून मागच्या सीटवर मधोमध बसला आणि दोन्ही तळवे सीटवर टेकवून त्याने डोळे मिटले.

"चालवा मॅडम. मी म्हनतो तवा थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं."

मोकळ्या रस्त्यावर मी तसं केलं. गाडी डोलली. मला घाम फुटला. मिस्त्रीने डोळे उघडले. मग म्हणाला, "आता साहेब, तुम्ही बसा."

ह्यांनी मोठ्या ऐटीत स्टेअरिंग धरलं. साठला गाडी तश्शीच डोलली. उलट जास्तच.

"रस्ताच तसा आहे," हे म्हणाले.

"रस्ता चांगला आहे साहेब. काऊन त्याले बदनाम करता?" मिस्त्री हसला. मीही हसले, पुष्कळ दिवसांनी.

परत येऊन त्याने गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली. मागचा एक्सल जिथे गाडीच्या अंगाला जोडलेला असतो, तिथे रबराचे दोन जाड बुश असतात. मिस्त्रीने टॉमीच्या लोखंडी दांड्याने एक्सल जरा रेटला. बुशाचं रबर पार फाटलेलं होतं, एक्सल बोटभर मागेपुढे हलत होता. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळून त्यावर धूळ चिकटली होती.

"इथून मागची चाकं आपल्या मर्जीनं वळून राह्यली," तो म्हणाला. "पुढं कितीबी अलाइनमेंट करा, काय होनार?" मग स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवलेल्या रबरी बफरवर त्याने बोट ठेवलं. "आन् हे कोनं लावले? डिकीत काय टाकता तुम्ही?"

हे वाकून टायर बघायला लागले. उत्तर मीच दिलं. आमचं शेत रोहण्याला. बैलांना खायला हिंगणघाटचीच सरकीची ढेप, म्हणजे पेंड, लागते, असं ह्यांचं ठाम मत. तिकडेही ढेप मिळते, पण नाही! दर दुसऱ्या रविवारी दोन-तीन पोती डिकीत. गाडी मागून बसायला लागली तेव्हा ह्यांनीच बफर लावून आणले. मागची उंची पुन्हा पहिल्यासारखी दिसली, म्हणून मागे काही बिघडलं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मिस्त्री म्हणाला, "बफरनं गाडी उचलली, पन वजन कुठं गेलं? सारे झटके ह्या बुशायनंच खाल्ले. मॅडमनं सांभाळली म्हनून आतापावतर काही झालं नाई."

ह्यांचा चेहरा उतरला. "बाप्पा," हे हळूच म्हणाले, "तुह्या जिवावर मीच उठलो होतो का?"

मला रागही आला आणि एवढं हलकंही वाटलं की तिथेच टायरवर बसून मी रडले. मिस्त्रीने चहा सांगितला.

बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर सगळं बदलून दुपार टळेपर्यंत गाडी हातात आली. बफर काढून त्याने कोपऱ्यात फेकले. ह्यांनी न सांगता माझ्यासाठी ड्रायव्हरकडचं दार उघडलं.

पहिली दहा मिनिटं माझे खांदे ताठच होते. मग पुढे एक ट्रक आला. इंडिकेटर दिला, उजवीकडे घेतलं, पुढे गेले, परत डावीकडे आले. गाडी वळवली तेवढीच वळली. त्याहून कणभरही जास्त नाही. मी मोठ्याने म्हटलं, "पाहिलं का?"

उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर हे मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपले होते.

हिंगणघाट आलं. घराकडचं वळण आलं. मी वळलेच नाही, सरळ नागपूरच्या हायवेला लागले आणि तशीच चालवत राहिले.