प्रधानांकडचा जिताडा

"मंग यो जितारा काय दारावरशी परत नेऊ? बुधाजी, बाजूला हो. तुला मिशी नव्हती तवापासून मी या घरात मासली देतंय."

बुधाजी शिपाई हलला नाही. त्याचा तरी काय दोष? पनवेलच्या प्रधान वकिलांच्या कचेरीला आता काचेचं दार होतं, आत एसी होता आणि कादंबरी मॅडम मुंबईच्या बिल्डरच्या माणसाबरोबर बसल्या होत्या. मासळीचा वास आत गेला की दिवसभर निघत नाही, असं तो हलक्या आवाजात समजावत होता.

कृष्णाबाईनं पाटी पायरीवर टेकवली, स्वतः टेकली नाही. त्या बिल्डरसाठीच तर ती धावत आली होती. दोन हजार दहाच्या सुमाराला, विमानतळ येणार म्हणून उलव्याकडच्या चिखलालाही मोल आलं होतं. तिच्या कोळीवाड्याची खाडीकाठची, मासळी सुकवायची जागा त्या बिल्डरला हवी होती. त्याची माणसं परवा गावात येऊन छाती काढून सांगून गेली, की कोर्टात जायचं तर जा, प्रधान वकील आमच्या बाजूनं उभे राहणार. गावातल्या पुरुषांनी कोर्टाचा नाद सोडला. गावाचा वकील म्हणजे प्रधान, दुसरा त्यांना ठाऊकच नव्हता.

कृष्णाबाईला मात्र यात आपलीच चूक दिसली. यंदा तिनं पहिल्या मासळीचा वानवळा पोचवला नव्हता.

ही रीत कचेरीइतकीच जुनी. कादंबरीचे आजोबा दीनानाथ यांनी बाजारपेठेत एका खोलीत वकिली मांडली, तेव्हा टेबल एक नि बाकडं एक. कायस्थाचं घर, मासळीवर जीव. पक्षकारानं नारळी पुनवेनंतरची पहिली मासळी आणली की ते आपल्या हातानं घ्यायचे. आणि ज्याचा वानवळा घेतला, त्याच्या घराविरुद्ध कोर्टात उभं राहायचे नाहीत.

कृष्णाबाईचा नवरा दर्यात बुडाला तेव्हा ती विशीत होती. दिरानं होडीतला नि घरातला वाटा नाकारला, वर तगडा कोंबडा घेऊन दीनानाथांकडेच गेला. त्यांनी कोंबडा परत धाडला. "तुझ्या भावानं आणलेला जिताडा खाल्लाय मी. त्याच्या बायकोला घराबाहेर काढायला कसा उभा राहू?" उलट ते तिच्याच बाजूनं उभे राहिले. त्या वाट्यावर तिची दोन पोरं वाढली. तेव्हापासून तिचं म्हणणं एकच, देवाला नारल आन् वकिलाला जितारा.

दीनानाथांमागे कृष्णकांत आले, टायपरायटर आला, शेजारच्या खोल्या आल्या. मग लेक कादंबरी मुंबईहून शिकून आली. हाताखाली वकील आले, नावाला असोसिएट्स लागलं. जिताडा कधी चुकला नाही. यंदा गुडघ्यानं धरलं, भादवा तिनं अंथरुणात काढला नि पोरं विसरली. रीत आपण मोडली, मग वकील मोकळा झाला. त्याला कुठल्या तोंडानं नावं ठेवायची?

गलका ऐकून कादंबरी बाहेर आली. मागोमाग बिल्डरचा माणूस, हातात उघडं पेन. वकीलपत्रावर सही व्हायची होती.

कृष्णाबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. केळीचं पान उलगडलं. "पोरी, उशीर झाला. गुरघं धरलं व्हतं. आदी यो घे, मंग तुला काय बोलाचं ते बोल."

कादंबरीला रीत ठाऊक होती. ही पार्टी गेली तर एवढी मोठी पुन्हा दारात येणार नाही, हेही ठाऊक होतं. तिनं विचारलं, "मावशी, यांच्या कागदातली ती खाडीकाठची जागा तुमच्या कोळीवाड्याची? मला तर पडीक म्हणून सांगितली."

"पडीक? तुजा आजा बोटा चाटून सोडे खायाचा, ते तितंच सुकलेले."

कादंबरीनं दोन्ही हात पुढे केले. जिताड्याचं पाणी तिच्या बाहीवर ओघळलं. मग मागे वळून तिनं त्या माणसाला शांतपणे सांगितलं, की तुम्ही दुसरा वकील बघा. माशापायी? असं म्हणून तो हसला. कुणी साथ दिली नाही तेव्हा त्यानं बॅग उचलली.

"तो गप्प बसणार नाही, मावशी. उद्या तुमच्या पंचांना घेऊन या."

कृष्णाबाईनं आतल्या भिंतीवरच्या दीनानाथांच्या फोटोकडे बघितलं. "वकिला, तुजी नात बरी निंगाली," एवढंच बोलली आणि पदरानं तोंड पुसलं.

"आता एवढा साफ करून द्या. आजोबांना यायचं, मला येत नाही."

"शिकली काय मंग मुंबईला?"

मागच्या नळाशी बसून तिनं जिताड्याची खवलं काढली, तुकडे केले, डोकं वेगळं ठेवलं. बुधाजीनं न सांगता पाणी ओतलं. त्याच्या हातावर तिनं चार बोंबील ठेवले आणि पाटी डोक्यावर घेतली. गुडघा ठणकतच होता.

बाजारात पहिल्याच गिऱ्हाइकानं माल पिशवीत घेतला नि निम्मे पैसे पुढे केले. तिनं बोंबील त्याच्या पिशवीतून काढून परत पाटीत टाकले.