दर वेळी जागेवर जाऊन बघणारा

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. विषय निघाला की चहा मागवायचो. आता टाळण्याइतकं आयुष्यही उरलेलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या त्या माणसानं जगातली कुठलीही गोष्ट एकदाच बघून कधी सोडली नाही. धूलकोटच्या बसमध्ये चढताना तो पाटी वाचायचा, कंडक्टरला विचारायचा आणि बस सुटल्यावर शेजारच्या प्रवाशाला पुन्हा विचारायचा. घड्याळ बघून तीन मिनिटं झाली की पुन्हा बघायचा. मी हसलो की म्हणायचा, "एकदा पाहिलेलं लगेच शिळं होते, भाऊ." त्याचं लग्न ठरलं, तेव्हा मुलीचा होकार अजून कायम आहे ना, हे विचारायला तो दर आठवड्याला निरोप धाडायचा. चौथ्या निरोपाला नकार आला. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "पाह्य, बदललं ना?" मग त्यानं लग्न केलंच नाही, बुधवारा मोहल्ल्यातल्या एका खोलीत एकटाच राहायचा.

बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग संगणकाला जोडायचं काम तेव्हा आमच्या छोट्या कंपनीकडे होतं. धागा तुटला की माग थांबवायचा, एवढाच कोड, पण तो संगणकाच्या अगदी गाभ्यात, कर्नेलमध्ये, सी भाषेत लिहायचा. आमचं लिहिणं यंत्राला कळेल असं करून देणारा कंपायलर हा हुशार पण आळशी कारकून. एखादी किंमत कोडमध्ये कुणी बदलत नाही असं दिसलं, की तो ती एकदाच वाचतो आणि पुढे आठवणीवर काम चालवतो. धागा तुटल्याची खूण मात्र बाहेरून, मागाकडून येते. तिच्या आधी 'व्होलाटाइल' हा शब्द लिहिला, की कारकुनाला दर वेळी जागेवर जाऊन बघावं लागतं. हा शब्द माझ्या शेजाऱ्यासाठीच जन्माला आला होता. त्यानं तो सगळीकडे लावला. जिथे दोन कामांनी एकाच किमतीला एका वेळी हात लावू नये म्हणून कुलूप हवं होतं, तिथेही हाच. कोड मंद झाला. मालकांनी आम्हा दोघांना तो साफ करायला सांगितलं.

मी त्याला चारचौघांत सुनावलं, की हा शब्द म्हणजे देव्हाऱ्यातला अंगारा नाही, दिसेल तिथे लावायला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाकीचे काढ, तुझं खरं आहे. धाग्यावरचा राहू दे. धागा मले विचारून तुटत नाही."

मी हो म्हणालो. मग कंटाळा आला, आणि एकाच आज्ञेनं सगळ्या फायलींतून तो शब्द पुसून टाकला. धाग्यावरचाही. माझ्या टेबलावरच्या चाचणीत कंपायलरची आठवणीवर काम चालवायची हुशारी बंद ठेवलेली होती, म्हणून सगळं ठीक चाललं. कारखान्यात ती चालू होती. तिथे धागे तुटत राहिले, माग धावत राहिले आणि कापडाची थानंच्या थानं जाळीसारखी निघाली.

मालकांनी फाइल कुणाची ते बघितलं. वर, लिहिणारा म्हणून, त्याचंच नाव होतं. तो पडद्यासमोर बसला, शब्द जिथे असायला हवा होता ती ओळ त्यानं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर सबंध दिवसात माझ्याकडे बघितलं नाही. मला दोन मुलं होती, घर भाड्याचं होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. मी गप्प बसलो. त्याची नोकरी गेली, आणि गावात यंत्राच्या कामाला त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

तो तुकईथडला भावाकडे केळीच्या बागेवर गेला. बऱ्याच वर्षांनी मी तिथे गेलो, ते हेच सांगायला. तो मला बघून खरोखर खूश झाला. त्याच्या वहिनींनी ओसरीवर चहा आणि केळी आणून ठेवली, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "वहिनी, हा आमचा साहेब दोस्त. याच्या हातचं काम कधी बिघडलं नाही." त्यात टोमणा नव्हता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "केळी गोड आहेत हं." दोन फण्या घेऊन परत आलो.

गेल्या हिवाळ्यात तो गेल्याचं कळलं. त्या दिवशी ओसरीवर बोलायला हवं होतं, ते एवढंच: तो शब्द मी काढला. तुझ्या नावावर गेलं, ते माझं काम होतं. तू ओळखलंस आणि बोलला नाहीस. मला माफ कर.