दयारामच्या बाटल्या

धामणगाव बढ्याजवळच्या तलावात दयाराम तीस वर्षं मासे धरत आला. माणूस खोटं बोलायचा नाही. मासा हातभर होता की वीतभर, तेवढं सोडून.

बुलढाण्याच्या कॉलेजातल्या नीरजामॅडमनी त्याला एक काम दिलं. आकाशातला उपग्रह दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास तलावाचा फोटो काढतो. रंगावरून पाण्यात शेवाळ किती, ते संगणक सांगतो. पण त्याचं गणित बरोबर बसायला त्याच वेळचं खरं पाणी हवं. ते दयारामनं बाटलीत भरून पाठवायचं.

"मले तो दिसत नाही, पण त्याले मी दिसत असंन," असं बायकोला, जनकाबाईला सांगून दयाराम फोटोच्या दिवशी धुतलेला सदरा घालायचा.

दोन महिन्यांनी मॅडमचा फोन आला. दयाराम गोकुळच्या चहाच्या हॉटेलात होता आणि फोनचा आवाज मोठा होता.

"काका, फोटोत तलाव हिरवागार आणि तुमच्या बाटल्यांत शेवाळ नावालाच. पाणी तलावातूनच घेता ना?"

हॉटेलात सगळ्यांचे चमचे थांबले.

"काऊन बे दयाराम," गोकुळ म्हणाला, "घरच्या नळाचं भरत जाय काय? पाह्यलं न वरून त्यानं तुले."

संध्याकाळपर्यंत बातमी मोताळ्याच्या बाजारात. फोटोत दयाराम बाभळीखाली झोपलेला दिसतो, अशी भरही कोणी घातली. दयारामला तीस वर्षांचं नाव चालल्यासारखं वाटलं. त्यानंच फोन लावला, "मॅडम, माह्या डोंग्यात बसून सोता पाहा."

पाचव्या दिवशी मॅडम आल्या. पोरीच्या सोयरिकीलाही हॉटेल बंद न करणारा गोकुळ त्या दिवशी कुलूप लावून काठावर हजर.

तलावाच्या मधोमध दयारामनं तांब्या बुडवला, पिशवीतून लुगड्याचं चार घड्यांचं फडकं काढलं, बाटलीच्या तोंडावर धरलं आणि पाणी ओतायला लागला.

"काका, हे काय?"

"गाळून राह्यलो."

"का पण?"

"कॉलेजातले मोठे लोक पाह्यतीन म्हन्ता. पाहुण्याले कोनी बिनगाळलेलं पाणी देते काय?"

मॅडमनी फडकं उलगडलं. मधोमध हिरवा थर, बोटाला लागेल असा. त्यांनी विचारलं, "दर वेळी हेच फडकं?"

"नाही. जनका हर खेपेले नवा तुकडा देते."

डोंगा काठाला लागल्यावर जनकाबाईनं घरून गाठोडंच आणलं. "गोधडीले लावाले ठेवले होते. किती घासा, हिरवं निंगत नाही."

बारा तुकडे, बाराही हिरवे. मॅडमनी ते मागून घेतले. मग गोकुळनं हळूच विचारलं, "मॅडम, मी दिसतो काय त्या फोटोत?"

"नाही हो. दहा मीटरहून लहान काही ओळखू येत नाही."

"मंग याचं पोट दिसंन," दयाराम म्हणाला. गोकुळनं पोट आत ओढलं.

पुढच्या पाचव्या दिवशी दयाराम फडकं घरी ठेवून निघाला. सदरा मात्र धुतलेलाच होता.