शेडखालची जागा

मी नागपूर सोडलं त्या दिवशी बाबा माझ्या सोबत नव्हते, माझ्या मागे होते. मामेभाऊ त्याची नवी कार घेऊन बेसा भागातल्या आमच्या घरी आला होता. सामान डिकीत, आई पुढे, मी मागे, आणि बाबा स्कूटरवर. "आज तरी बसा ना," मी म्हटलं. "तू चाल, मी येऊन राहिलो," एवढंच बोलले. अजनी स्टेशन येईपर्यंत मी मागच्या काचेतून त्यांनाच पाहत होते. नरेंद्रनगरच्या पुलापाशी दिसेनासे झाले, सिग्नलला पुन्हा उगवले, हेल्मेटची काच वर केलेली, डोळे उन्हानं बारीक झालेले. अजूनही झोपेत ती काच येते. तिच्यात बाबा लहान होतात, मग मोठे होतात, आणि अजनी काही केल्या येत नाही.

आमच्या बाबांचं कारशी वाकडं होतं ते असं. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते गाड्या जोडायचे आणि युनियनचं काम करायचे. मी शाळेत असताना तिथं मोठा संप झाला. संपातली माणसं काढली, ठेकेदाराची आणली, आणि बाबा एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभे राहू लागले. तेव्हापासून घरात कायदा: ज्या कारखान्यात युनियन नाही, तिथली कार आपल्या अंगणात नाही. दुसऱ्याच्या कारमध्ये ते स्वतः बसायचे तेही फक्त दवाखान्यात जायचं असेल तर. स्कूटर चालायची, कारण ती युनियनच्या काळातली. काय बोलणार आता या माणसाला!

पुढे आईचा खुबा दुखायला लागला. स्कूटरवर बसवेना. तिची बहीण कामठीला, तिच्याकडे जायचं म्हणजे दोन ऑटो बदला, खड्डे मोजा, आल्यावर दोन दिवस आडवं पडा. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून बाबांना ढकलत वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये नेलं. टाय लावलेला पोरगा आला. रंग दाखवले, सीट दाखवल्या. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कारखान्यात युनियन आहे का?" पोरगा गडबडला. माहितीपत्रक उलटसुलट चाळलं आणि म्हणाला, "सर, सनरूफ आहे." आम्ही पाणी पिऊन परत आलो. त्यानंतर घरात भाजी अळणी झाली की बाबा म्हणायचे, "मीठ नाही, पण सनरूफ आहे."

गंमत म्हणजे आयटीआय झाल्यावर मला नोकरी लागली ती त्याच सनरूफवाल्या कंपनीच्या चाकणच्या प्लांटला, ट्रेनी म्हणून. मला वाटलं, आता बाबा बोलणंच सोडतील. ते बोलले नाहीत असं नाही. अजनीला रेल्वेच्या खिडकीपाशी उभे राहून एकच गोष्ट सांगितली: "तिथं कँटीनमध्ये एकटी जेवत जाऊ नको, बाई." मला वाटलं, पोरगी उपाशी राहील म्हणून काळजी.

चाकणला माझ्या वाट्याला मागचं डावं दार आलं. दाराच्या कडेनं रबर बसवायचं, अंगठ्यानं दाबत दाबत जायचं, घडी पडू द्यायची नाही. गाड्या हळूहळू सरकत येतात, रंग लागलेल्या, अजून आवाज नसलेल्या, आणि शिफ्टच्या शेवटच्या तासाला असं वाटतं की त्या उभ्याच आहेत आणि आपणच वाहत चाललोय. पीजीवर येऊन डोळे मिटले तरी अंगठा चालूच. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर आमचं मॉडेल दिसलं की मी आधी मागचं डावं दार बघते. कोण बसलंय, काच खाली आहे का, बाळ झोपलंय का. अनोळखी लोकांच्या प्रवासात आपला अंगठा असा गुपचूप जात असतो, ही फार गोड गोष्ट वाटते मला. कुणाला सांगितलं तर हसतील.

माझ्या शेजारच्या दाराला रेश्मा होती, सांगलीकडची. मी 'का' ऐवजी 'काहून' म्हटलं की ती दिवसभर माझी नक्कल करायची. बाबांचं ऐकून मी रोज तिच्याबरोबर जेवले. मग आमच्या टेबलावर आणखी पोरी आल्या. बोलता बोलता कळलं, की इथं ट्रेनी कायम ट्रेनीच राहते. मुदत संपली की गावी जायचं, जागेवर नवी बॅच. अंगठे तेच काम करणार, फक्त पोरगी बदलणार. बाबा नेमकं कशासाठी सांगत होते ते मला त्या टेबलावर समजलं. आमची युनियन तिथंच झाली, आमटी-भात खाताना.

आणि नेमका तेव्हाच बाबांचा फोन आला. आवाजात लाडीगोडी. म्हणाले, "गाडी बुक केली. तुह्यावाली." मी म्हटलं, "बाबा, आणि तुमचा कायदा?" तर म्हणे, "माही पोरगी दार लावते त्या गाडीचं. आता मले कोणाले काय विचारायचं?" मागोमाग फोटो आला. अंगणात पत्र्याचं शेड टाकलेलं, नव्या खांबांना रंग, आणि शेडखाली, जिथं कार उभी राहणार, तिथं बाबा स्वतः उभे.

त्या रात्री मला झोप म्हणून लागली नाही. मला ती गाडी हवी होती हो. आईनं मागच्या डाव्या दारातून पाय आत घ्यावा, दार लागावं, बाबांनी कामठी रोडला लागावं, हे मी कितीदा डोळ्यांपुढे चालवून बघितलं असेल. आणि चार दिवसांनी आम्हाला गेटवर बसायचं होतं. हातात फलक धरायचा, त्यावर लोकांना विनंती: आम्हाला कायम करेपर्यंत ही गाडी घेऊ नका. जगाला घेऊ नका म्हणायचं आणि आपल्या अंगणात आणायची, हे मला जमणारं नव्हतं. मी फोन करून गाडी थांबवा म्हटलं. आईचं दुखणं माहीत असताना म्हटलं, म्हणून जीव तुटत होता.

बाबा म्हणाले, "संपावर बसून राहिली का?" "हो." "किती जणी?" "सगळ्या." "मंग ठीक आहे. डोक्यावर ओढणी घेजो, चाकणलेही ऊन असते." आईनं फोन हिसकावून घेतला. मला वाटलं, आता रडेल. ती हसायलाच लागली. "तुह्या बाबाले जन्मात एकदा गाडी आवडली, तर तीही संपावर गेली," म्हणाली. आणि मग, हळू आवाजात, "मी जातो न ऑटोनं. तू नको मनाले लावून घेऊ."

तडजोड झाली ती अर्धीच. काही पोरींना कायम केलं, बाकीच्यांचं पुढे बघू म्हणाले. माझं नाव आलं. रेश्माचं नाही आलं. तिला मुदतवाढ मिळाली, म्हणजे टांगती ठेवली. त्या दिवशी मी पेढे आणले नाहीत.

यंदा दिवाळीला घरी गेले. शेडखाली आईनं जुनी साडी पसरून मुंगवड्या वाळत घातलेल्या, बाजूला बाबांची खुर्ची. चहा पिताना शोरूमच्या त्याच पोराचा फोन आला. आता तो बाबांना काका म्हणतो. स्पीकरवरून ऐकू येत होतं: काका, संप तर मिटला, ऑफर आहे, ताईपण कायम झाल्या म्हणे, आता कशाला थांबता? मी आईकडे बघितलं. आई खुब्यावर हात ठेवून बाबांकडे बघत होती. बाबांनी कप खाली ठेवला.

"रेश्मा झाली का कायम?"

"कोण रेश्मा, काका?"

"हं. ते विचारून ठेव, मंग फोन कर," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि बिस्कीट बुडवलं.

रेश्माला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, फोनवर माझ्या तोंडून ऐकलं तेवढंच. मी चाकणला येऊन तिला हे सांगितलं, तर ती नक्कल करायची विसरली. आपला डबा माझ्याकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

तुमच्यापैकी जे मागे राहिले आणि ज्या माझ्यासारख्या निघून गेल्या, त्यांना घर म्हटलं की काय दिसतं ठाऊक नाही. मला ते शेड दिसतं, दुपारचं, पत्रा तापलेला, खाली कार नाही. ज्या पोरीचा चेहराही माहीत नाही तिच्यासाठी माझ्या आईबापांनी ती जागा मोकळी ठेवली आहे. रेश्माला मी सांगून ठेवलंय, गाडी आली की नागपूरला यायचं आणि आईच्या शेजारी मागं बसायचं. आईलाही फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "घेऊन ये तिले. तोवर मुंगवड्या तरी वाळतात तिथं."